हातपाय धड आहेत, तोल गेला आहे



माझा आवाज घोगरा ऐकू येतोय ना? रेडिओवर थापट्या मारू नका, तो बरोबर आहे. माझाच आवाज असा झालाय, चार वर्षं झाली. त्याआधी हळदीच्या, जात्याच्या ओव्यांना मला मुद्दाम बोलावणं यायचं. आता ओवी निघत नाही, बोलणं मात्र निघतं. म्हणून रेडिओच्या ताईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, येते.

मला झटका आला होता. आपण लकवा म्हणतो, अर्धांगवायू म्हणतो, तोच. इथं समोर बसलेल्या ताईंनाही आधी खरं वाटलं नाही. कारण माझे दोन्ही हात वर जातात, पाय उचलतात, तोंड वाकडं नाही. मग लकवा कसला? हाच प्रश्न मला चार वर्षं लोक विचारतायत. काही तोंडावर, काही पाठीमागं.

पौष महिना होता. पहाटे उठून चूल पेटवली. पहिली भाकरी थापताना परातीसकट सगळं घर गरकन फिरलं. मी बसल्या जागी डावीकडं कलंडले, सरळ होता येईना. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. आणि उचकी लागली, ती काही केल्या थांबेना. आत्याबाई म्हणाल्या, माहेरचं कुणीतरी आठवण काढतंय. आई, भाऊ, मावशी, चुलती, सगळ्यांची नावं घेऊन झाली. उचकी चालूच. मग म्हणाल्या, पित्त खवळलंय, आणि लिंबू-साखरेचं पाणी दिलं. ते घशाखाली उतरेना. नाकातून बाहेर आलं आणि असा ठसका लागला की जीव जातो की काय. त्यांनी मायेनंच दिलं होतं. आज मला कळतं की त्या एका पेल्यानं पाणी फुप्फुसात जाऊ शकलं असतं.

दिवस वर आल्यावर मालकांनी मोटारसायकलवर मधे बसवून, मागं पुतण्याला धरायला घेऊन, बाजाराच्या गावी एका दवाखान्यात नेलं. तिथं मला हात वर करायला सांगितले, मी केले. बोटं दाबायला सांगितली, मी दाबली. झटका नाही, अशक्तपणा आहे, असं म्हणून सलाईन लावलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं. रात्री शेजारणीनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात पोचलो. डोक्याचा पहिला फोटो, सीटी स्कॅन, साफ आला. तिथल्या एका वयस्कर डॉक्टरांनी मात्र माझ्याकडं निरखून पाहिलं. डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली आली होती. त्यांनी थंड चमचा आधी एका गालाला लावला, मग दुसऱ्या. उजव्या गालाला गार लागला. डाव्या गालाला नुसतं काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. हात-पायांवर उलटं होतं, डावीकडं गार कळे, उजवीकडं कळेना. ते म्हणाले, एमआरआय करा. त्यात सापडलं.

झटका मेंदूच्या देठात होता. मोठा मेंदू आणि पाठीचा कणा यांना जोडणारा जो भाग, मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला, साधारण अंगठ्याएवढा जाड, त्याला डॉक्टर ब्रेनस्टेम म्हणतात. वांग्याला जसं देठ तसं मेंदूला हे. जागा चिमूटभर, पण वरून खाली जाणारी आणि खालून वर येणारी सगळी वाट तिथूनच जाते. गिळणं, आवाज, डोळ्यांची हालचाल, श्वास, तोल, सगळ्यांची ठाणी तिथंच शेजारी शेजारी. तिथली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली की काय बिघडेल ते कुठला कोपरा सुकला त्यावर ठरतं. माझा डावीकडचा मागचा कोपरा गेला. हातापायांना ताकद पोचवणारी वाट त्या कोपऱ्यात नसते, ती पुढच्या बाजूनं जाते. म्हणून ताकद राहिली. तोल गेला, गिळणं गेलं, आवाज गेला. वॉलेनबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये हाच प्रकार लिहून ठेवला, म्हणून त्यांच्या नावानं हा आजार ओळखतात. सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे, पण आपल्याकडं अजून पित्तच.

आणि तो साफ आलेला सीटी स्कॅन? मेंदूच्या मागच्या, खालच्या भागातला ताजा झटका त्या फोटोत पुष्कळदा दिसतच नाही. एवढं माहीत असू द्या.

आता तोल म्हणजे काय, ते मला दवाखान्यातल्या व्यायामवाल्या ताईंनी, म्हणजे फिजिओथेरपीच्या ताईंनी, समजावलं. आपण उभं राहतो ते नुसत्या पायांच्या जोरावर नाही. तीन ठिकाणांहून खबर येते. डोळे सांगतात, भिंत सरळ आहे. कानाच्या आत, खोल, एक बारीक यंत्र असतं, ते सांगतं, डोकं इकडं कललं, तिकडं वळलं. आणि पायाचे तळवे, घोटे, गुडघे सांगतात, खाली जमीन कशी आहे. या तिन्ही खबरी मेंदूच्या देठात आणि त्याच्या मागच्या लहान मेंदूत जुळवल्या जातात, आणि मग हुकूम सुटतो, या पायावर भार दे, तो सैल सोड. हे जुळवणारं ठाणंच बिघडलं तर पाय कितीही दणकट असले तरी उपयोग नाही.

मला वाटायचं, डावीकडून कुणीतरी पदर धरून ओढतंय. आणि गंमत अशी की मला मी सरळच वाटायचे! लोक म्हणायचे, वाकडी उभी आहेस. मला दिसायचं, घरच तिरकं आहे. आमचे मालक गवंडीकाम करतात. भिंत तिरकी म्हटलं की त्यांना राग येतो, कारण ती त्यांनी स्वतः बांधलेली. एक दिवस वैतागून त्यांनी ओळंबा आणला आणि आढ्याला बांधून माझ्यासमोर सोडला. म्हणाले, हा बघ, हा खोटं बोलत नाही. मी रोज त्या दोरीसमोर उभी राहून नाक, बेंबी आणि दोन पायांमधली जागा त्या दोरीशी जुळवायचे. आधी दोरीच तिरकी वाटायची. दीड महिन्यानं दोरी सरळ झाली. दवाखान्यातल्या ताईंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, आम्ही आरसा आणि पट्टी वापरतो, तुमचं यंत्र बेस्ट आहे.

घरी आल्यावरचे दिवस मात्र दवाखान्यापेक्षा जड गेले. नाकातली नळी तीन आठवड्यांनी निघाली होती. जेवण बेताचं जात होतं, अंगात बळ होतं. आत्याबाईंना कळेना, हातपाय धड आहेत तर ही भिंत धरून का चालते. त्या काही वाईट नाहीत. त्यांच्या सासऱ्यांना लकवा झालेला त्यांनी पाहिला होता, एक अंग लुळं पडलेलं. त्यांच्या मनात लकवा म्हणजे तेवढंच. एकदा मी परसाकडून येताना पाय रुंद टाकत, झोकांड्या खात येत होते, तर पाराजवळच्या पोरांनी विचारलं, काकू, कुठली लावली? ते ऐकून मी दोन महिने दिवसाउजेडी घराबाहेर पडले नाही. आणि घराबाहेर न पडणं हेच या आजारात सगळ्यात वाईट. मेंदूला नवी वाट शोधायला चालणं लागतं, हलणं लागतं. बसून राहिलं की तो तसाच राहतो.

आमच्या गटातसुद्धा कुजबूज झाली. उन्हाळ्यात पापड-कुरडयांचं काम होतं. एक जण म्हणाली, धडधाकट आहे, भाकरी खाते, पापड लाटायला तेवढी येत नाही. कोण म्हणाली ते सांगत नाही, ती आत्ता रेडिओ ऐकत असेल. आमच्या आशाताई त्या बैठकीला होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. एक वाकळ मागवली, चार घड्या घातल्या, भिंतीशी ठेवली. म्हणाल्या, एकेक जण वर उभ्या राहा, पाय जुळवून. राहिल्या. आता डोळे मिटा. आता मान डावी-उजवीकडं फिरवा. मैत्रिणींनो, खुरप्याच्या, मोळीच्या बाया, एकेक अशी डगमगली की शेजारणीनं धरलं. आशाताई म्हणाल्या, वाकळेनं तुमच्या तळव्यांची खबर गेली, मिटल्यावर डोळ्यांची गेली, मान फिरवून कानाची गोंधळली. ताकद कुणाची गेली का? नाही ना? हिचं दिवसभर असं आहे, डोळे उघडे ठेवून, साध्या जमिनीवर.

त्यानंतर ती बाई, जी बोलली होती, तीच मला रोज संध्याकाळी चालायला न्यायला यायची. तुमच्या बैठकीत हे करून बघायचं तर भिंतीशी करा आणि दोघींनी आजूबाजूला उभं राहा. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना वर चढवू नका.

आता घरात काय जपावं लागतं. अंधार आमचा वैरी. डोळ्यांची खबर बंद झाली की आम्ही पडतो. म्हणून रात्रभर एक बारका दिवा, आणि वीज गेली तर उशाला बॅटरी. तोंड धुताना डोळे मिटतात, तेव्हाही तोल जातो. मी आजही मोरीत स्टुलावर बसूनच तोंड धुते, बसूनच आंघोळ करते. मालकांनी दारापासून संडासापर्यंत बांबूची आडवी काठी ठोकली, कमरेच्या उंचीची. पायऱ्यांच्या कडांना चुन्याचा पांढरा पट्टा मारला. खर्च म्हणाल तर दोनशे रुपयेसुद्धा नाही. सटकणारी चप्पल सोडली, मागं पट्टा असलेली घेतली. शेणानं नुकतंच सारवलेलं अंगण वाळेपर्यंत मी त्यावर पाय ठेवत नाही. बांधावरून चालणं, डोक्यावर हंडा, विहिरीच्या काठाशी वाकणं, हे सोडलं ते सोडलंच. चालताना बोलतही नाही. बोलायचं असलं की थांबते. बाजारात, एसटी स्टँडवर, चारी बाजूंनी माणसं हलतात तेव्हा डोकं गरगरतं, म्हणून सकाळी लवकर बाजार करते.

आणि एक गोष्ट जी मला भाजून कळली. माझ्या उजव्या अंगाला स्पर्श कळतो, पण चटका कळत नाही. एकदा भाकरी उलटताना हात तव्याला टेकला होता, मला पत्ताच नाही. लेकीनं ओरडून हात ओढला, तोवर फोड आला होता. तेव्हापासून आंघोळीचं पाणी डाव्या हातानं बघते आणि चुलीपुढं उजवा पाय पसरून बसत नाही. कुणाला असा झटका आला असेल तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा, गरम-गार कुठल्या अंगाला कळत नाही? घरी येऊन चूल पेटवायच्या आधी विचारा.

गिळण्याचंही तसंच. पातळ पाणी सगळ्यात अवघड, घट्ट पेज त्यापेक्षा सोपी. हनुवटी छातीकडं घेऊन, छोटा घोट, टीव्ही बंद, गप्पा बंद. मला असं शिकवलं होतं. तुमच्या माणसाला काय चालेल ते गिळण्याची तपासणी केलेल्या माणसाकडूनच शिकून घ्या, माझं ऐकून घरी सुरू करू नका.

व्यायाम मी सांगते, पण तोही आधी कुणाकडून तरी बघून घ्यावा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, पुढं खुर्ची ठेवायची. म्हणजे कुठंही कललं तरी आधार. आधी पाय लांब, मग जवळ, मग एकापुढं एक. प्रत्येक पायरीला आठ-पंधरा दिवस लागतात. दुसरा, अंगठा डोळ्यासमोर धरायचा, नजर अंगठ्यावर, आणि मान हळू डावी-उजवीकडं. सुरुवातीला ओकारी यायची. ताई म्हणाल्या, थोडं गरगरणारच, त्यातूनच मेंदू शिकतो, फार झालं तर थांबायचं. तिसरा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. एकदम तासभर नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा जोरात होते, मग हळू होते, पण थांबत नाही. मला तिसऱ्या वर्षी दळणाचा डबा कमरेवर घेता आला.

गोळ्यांबद्दल एक. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या सुरुवातीच्या दिवसांत लागतात. त्यातल्या बऱ्याचशा महिनोन् महिने खाल्ल्या तर मेंदू सुस्तावतो आणि जुळवून घ्यायला उशीर होतो. त्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारा. पण रक्त पातळ ठेवायची आणि ब्लडप्रेशरची गोळी, ती मनानं बंद करायची नाही. मी केली होती. झटक्याच्या वर्षभर आधी शिबिरात माझं प्रेशर १७०/१०० निघालं होतं. १४०/९० च्या वर सतत राहिलं तर ते जास्तच म्हणायचं. महिनाभर गोळी खाल्ली, काही दुखत नव्हतं, सोडून दिली. शिवाय मी मिश्री लावायचे, सकाळ-संध्याकाळ, तेराव्या वर्षापासून. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, मैत्रिणींनो. ती तोंडातून रक्तात जाते. दवाखान्यात डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं, बाई तंबाखू खातात का? मालक म्हणाले, नाही, नुसती मिश्री. त्या नुसतीवर डॉक्टर काही बोलले नाहीत, लिहून घेतलं.

आणखी एक कारण आहे, कमी वेळा होतं, पण आपल्याकडं सर्रास करतात म्हणून सांगते. मान कडाकडा मोडून घेणं. केस कापल्यावर गडी माणसं घेतात, मान धरली की बायकाही घेतात. मेंदूच्या देठाला रक्त नेणाऱ्या नळ्या मानेच्या मणक्यांतूनच जातात. झटक्यानं पीळ बसला तर नळीचा आतला पापुद्रा फाटून तिथं गुठळी होऊ शकते. मुलगा कटिंगला गेला की सांगा, मान मोडू देऊ नको.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला तर उठता-बसता चक्कर येते, मग प्रत्येक वेळी पळायचं का? नाही. कूस बदलली की घर फिरतं आणि अर्ध्या-एक मिनिटात थांबतं, ते बहुतेक वेळा कानातलं असतं. उपास, रक्त कमी, उन्हात काम, यानंही येते. ती दवाखान्यात सवडीनं दाखवा. पण चक्कर एकदम आली आणि धरल्याशिवाय बसता-उभं राहता येईना, एकाचे दोन दिसायला लागले, जीभ जड झाली, पाणी गिळताना ठसका लागला, अर्ध्या चेहऱ्याला बधिरपणा आला, आवाज बदलला, न थांबणारी उचकी लागली, मान किंवा डोकं कधी नव्हे इतकं दुखलं, यातलं एक जरी चक्करेबरोबर असलं तरी १०८ ला फोन लावा. हातपाय चालतात का हे बघत बसू नका. तोंडात काही घालू नका, पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. कुशीवर निजवा. आणि घड्याळ बघा. बाई शेवटची धड कधी होती ती वेळ कागदावर लिहून बरोबर द्या. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही तपासणी करून, ज्यांना चालतं त्यांनाच. मी तिथं पोचले तेव्हा तीस तास होऊन गेले होते.

दवाखान्यात गेल्यावर घाबरून गप्प बसू नका. सरळ म्हणा, ही नेहमीची चक्कर नाही, हिला आधाराशिवाय बसता येत नाही, मेंदूच्या मागच्या भागाचा झटका तर नाही ना, ते बघा. सरकारी योजनेत खर्च बसतो का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आमचं कुणी विचारलं नाही, गटाचं कर्ज काढलं, ते मागच्या दिवाळीत फिटलं.

तिशी ओलांडलेल्या सगळ्यांचं प्रेशर आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. आमच्या गटानं मागच्या महिन्यापासून बैठकीच्या दिवशी आशाताईंना प्रेशरचं मशीन घेऊन बोलवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या तिघींचं जास्त निघालं. त्यातली एक आमच्या अध्यक्षीणबाई. त्या म्हणतात, मला तर काहीच होत नाही. मी म्हटलं, मलाही काही होत नव्हतं.

पुरे झालं. ताई खूण करतायत, वेळ संपली. इथून उतरायला तीन पायऱ्या आहेत. चढताना कठडा उजव्या हाताला होता, म्हणजे उतरताना डावीकडं येईल. मला तोच बरा. नमस्कार.